सात नंबर म्हणजे किती अंश, तेवढं छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गोल्फच्या नव्या क्लब्जवर, म्हणजे खेळायच्या काठ्यांवर, अख्खं पान आलं ते वाचलं, फोटो झकास होते, मराठी पेपरात गोल्फला एवढी जागा मिळाली याचाही आनंद झाला, पण एक वाक्य तेव्हापासून डोक्यात अडकून बसलंय म्हणून हे पत्र. लेखात लिहिलंय की नवीन सेटमधला सात नंबरचा आयर्न (लोखंडी पात्याचा क्लब) जुन्यापेक्षा पंधरा वीस यार्ड लांब मारतो. मारेलच ना! पण त्या सात नंबरचा लॉफ्ट किती अंशांचा आहे हे अख्ख्या पानात शोधून सापडलं नाही. लॉफ्ट म्हणजे क्लबचा फेस, बॉलला लागणारी बाजू, मागे किती कललेला आहे ते माप. मी खेळायला लागलो तेव्हा सात नंबर म्हणजे ३४-३५ अंश असं धरून चालायचे, आता बऱ्याच सेटमध्ये तो ३० किंवा त्याच्याही खाली असतो आणि वर शाफ्ट, म्हणजे दांडा, अर्धा इंच लांब. म्हणजे जुन्या हिशोबानं सहा नाहीतर पाच नंबरचा क्लब, त्याच्यावर फक्त ७ कोरलेला. उद्या माझ्या बुटावर नऊऐवजी सात लिहिलं तर माझा पाय लहान होणार आहे का?

कंपन्या नुसती फसवणूक करतात असं माझं म्हणणं नाही हां. आताच्या आयर्नमध्ये वजन खाली आणि मागे ठेवलेलं असतं त्यामुळे कमी लॉफ्ट असूनही बॉल उंच जातो, आणि आमच्यासारख्या हळू स्विंगवाल्यांना ते खरंच उपयोगी आहे. पण सात नंबर तगडा केला की त्याच्या मागची सगळी रांग सरकते, पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या शॉटसाठीचे जास्त लॉफ्टचे आयर्न) ४३-४४ अंशांवर येतो आणि सँड वेज मात्र जिथं होता तिथंच, ५६ वर. आमच्या नेहमीच्या चौघांतल्या एकानं असा सेट घेतला, पहिला महिना नुसता हवेत होता, सात नंबरनं कुठं मारला बघ म्हणून दाखवत फिरायचा. मग लक्षात आलं की पिचिंग वेज जातो १०५ यार्ड आणि सँड वेज ७०, आणि याचा दुसरा शॉट नेमका ८५ ते ९० यार्डांवर येऊन थांबतो. मधे १२-१३ अंशांची दरी. दोन क्लबमध्ये साधारण चार पाच अंशांचं अंतर असेल तर आपल्यासारख्यांना दहाएक यार्डांचा फरक पडतो, हा बिचारा दर होलला अर्धा स्विंग, पाऊण स्विंग असं अंदाजपंचे करत बसायचा. शेवटी पिशवीतला चार नंबरचा आयर्न काढला, जो त्याला सात जन्मात हवेत उचलता आला नव्हता, आणि ५० अंशांचा गॅप वेज टाकला. काम झालं. हे त्याला सेट घेतानाच कुणी सांगितलं असतं तर?

आता माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याला हसणं सोपं असतं. माझा पहिला आयर्न सेट मेव्हण्यानं दिला. मेव्हणा माझ्यापेक्षा डोकंभर उंच आहे आणि त्यानं तो सेट स्वतःच्या मापानं करून घेतलेला होता, हे त्यालाही आठवत नव्हतं आणि मला तर क्लबला माप असतं हेच ठाऊक नव्हतं. सहा वर्षं माझा बॉल डावीकडे. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) नाही, फक्त आयर्न, त्यातही वेज सगळ्यात जास्त. एका कोचनं ग्रिप बदलायला लावली, दुसऱ्यानं कंबर आधी फिरते म्हणून सांगितलं, तिसरा म्हणाला डोकं वर येतंय (डोकं वर येतंय हे गोल्फमध्ये सगळ्या रोगांवरचं निदान आहे, बॉल कुठंही जाऊदे, डोकं वर आलं!). मी सगळं केलं. कोपर आत दाबून, कंबर धरून, मान आवळून मारायचो आणि तरी बॉल डावीकडच्या झाडीत.

मग एके दिवशी सरावाच्या रेंजवर एक म्हातारे गृहस्थ भेटले, क्लब दुरुस्तीचं काम करणारे, फार न बोलणारे. माझे चार शॉट बघितले आणि खिशातून काळं मार्कर काढलं. ज्या पांढऱ्या फळ्यावर पोरं लिहितात ना, त्यावरचं पुसता येणारं मार्कर. बॉलवर एक जाड उभी रेघ काढली, ती रेघ क्लबच्या फेसकडे येईल असा बॉल ठेवला आणि म्हणाले, मारा. मारला. क्लब उलटा करून फेस बघितला तर त्यावर रेघेचा ठसा उमटलेला, पण सरळ नाही, वरचं टोक टोच्या बाजूला, म्हणजे क्लबच्या बाहेरच्या टोकाकडे झुकलेलं. परत मारला, परत तसंच. पाच वेळा केलं, पाचही वेळा तीच तिरपी रेघ. मी सहा वर्षं जे शोधत होतो ते माझ्या तळहाताएवढ्या लोखंडावर काळ्या शाईत लिहिलेलं होतं.

रेघ सरळ उमटली तर लाय बरोबर, टोच्या बाजूला झुकली तर क्लब जास्त उभा, हीलकडे म्हणजे दांड्याच्या बाजूला झुकली तर जास्त आडवा. लाय अँगल म्हणजे क्लबचा तळ जमिनीवर सपाट ठेवला की दांडा जमिनीशी जो कोन करतो तो. माझ्या हातात मेव्हण्याचा क्लब जास्त उभा होता, त्यामुळे मारताना टो हवेत राहायचा. आणि टो हवेत राहिला की उजव्या हाताच्या खेळाडूचा फेस आपोआप डावीकडे बघतो. खरं वाटत नसेल तर एक वेज घ्या, फेसवर काटकोनात एक पेन्सिल चिकटपट्टीनं उभी करा आणि टो हळूच वर उचला, पेन्सिलीचं टोक डावीकडे वळताना डोळ्यांनी दिसेल. हेच ड्रायव्हरवर करून बघा, पेन्सिल फारशी हलणार नाही, कारण लॉफ्ट जितका जास्त तितका लायचा परिणाम जास्त. माझा ड्रायव्हर सरळ आणि वेज झाडीत का, याचं उत्तर एवढंच होतं. कंबर, कोपर, मान सगळे निर्दोष सुटले.

त्या गृहस्थांनी आयर्न शिकंज्यात पकडला, मानेला एक लांब दांडीचं हत्यार अडकवलं आणि अक्षरशः वाकवला. मी ओरडलोच! क्लब वाकवतात हे मला माहितीच नव्हतं. मऊ पोलादाचे फोर्ज केलेले आयर्न दोन तीन अंश आरामात वाकतात, ओतीव म्हणजे कास्ट केलेल्यांना जपून घ्यावं लागतं, कडक धातू असेल तर अंश दोन अंशांच्या पुढे गेलं की मान तुटू शकते, काही तर वाकवूच नयेत. माझे नशिबानं फोर्ज केलेले होते. तीन अंश आडवे केले, मधे मधे मापकावर ठेवून बघत, अर्ध्या तासात सगळा सेट झाला.

आणि लगेच सगळे शॉट सरळ गेले असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढचे दोन महिने माझा बॉल उजवीकडे जात होता! कारण सहा वर्षं डावीकडे जाऊ नये म्हणून हात नकळत बॉल उजवीकडे ढकलायला शिकले होते, क्लब सुधारला पण हातांना ती बातमी पोचायला वेळ लागला. म्हणून माझं मत असं झालंय की चुकीचा क्लब नुसता बॉल चुकवत नाही, तो स्विंगच बिघडवून ठेवतो, आणि मग आपण त्या बिघडलेल्या स्विंगसाठी अजून एक क्लब विकत घेतो.

ही काही नवी विद्या नाही. पिंग कंपनी काढणारे कार्स्टेन सोल्हाइम मूळचे इंजिनियर, जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणारे, त्यांच्या कंपनीनं सत्तरच्या दशकातच आयर्नवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली, काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड लाय आणि बाकीचे रंग त्याच्यापेक्षा उभे किंवा आडवे. म्हणजे पन्नासएक वर्षं झाली आणि अजून आपल्याकडे सेट घेताना विचारतात काय तर उंची किती. नुसत्या उंचीवर ठरत नाही हो. उंच माणसाचे हात लांब असले तर त्याला स्टँडर्ड लांबीच बसते. बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यायचं, उंचीच्या जोडीला हे माप लागतं. आणि तेही फक्त सुरुवातीला, कारण मारताना हात थोडे वर येतात, शाफ्ट खाली लवतो, त्यामुळे शेवटी खरं खोटं ती मार्करची रेघच सांगते.

ग्रिपबद्दल, म्हणजे दांड्यावरच्या रबरी मुठीबद्दल, तर कुणी बोलतच नाही. अख्ख्या क्लबमधला आपल्या अंगाला लागणारा एकमेव भाग तो, आणि तो वर्षानुवर्षं गुळगुळीत होऊन चमकत असतो. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं डाव्या हातात क्लब धरला की मधली दोन बोटं, म्हणजे मधलं आणि अनामिका, तळव्याला जेमतेम टेकायला हवीत. बोटं तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक, बोटं आणि तळवा यांच्यात फट राहिली तर जाड. जाडी वाढवायला नवी ग्रिप घ्यायलाच पाहिजे असं नाही, खाली टेपचा एकेक जादा वेढा दिला की इंचाच्या चौसष्टाव्या भागानं जाडी वाढते, ऐकायला काहीच नाही वाटत पण हाताला लगेच कळतं. मी आता घरीच बदलतो. वाकड्या पात्यानं जुनी ग्रिप कापायची (पातं अंगाच्या उलट दिशेला, हे मी एक बोट कापून घेऊन शिकलोय), दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, ग्रिपच्या आत सॉल्व्हंट ओतून हलवून तेच टेपवर सोडायचं आणि एका दमात ग्रिप आत सरकवायची. दम खाल्ला की संपलं. माझी पहिली ग्रिप अर्ध्यात अडकली ती पुढेही जाईना मागेही येईना, शेवटी नवी कोरी कापून काढली, बायको दारात उभी राहून बघत होती ते वेगळंच.

एक गोष्ट लक्षात ठेवायची, जाड ग्रिप म्हणजे बऱ्याचदा जड ग्रिप, आणि वरची बाजू जड झाली की क्लबचं डोकं हाताला हलकं लागतं. त्याचंच माप म्हणजे स्विंगवेट, सी ९, डी २ वगैरे जे लिहितात ते. ग्रिप चार पाच ग्रॅमनं वाढली की स्विंगवेट एकानं उतरतं, डोक्याला साधारण दोन ग्रॅम शिशाची टेप लावली की एकानं चढतं. अर्धा इंच शाफ्ट कापला तर तीनेक आकडे उतरतं. हे मी ड्रायव्हरवर करून बघितलंय. दुकानात ड्रायव्हर साडेपंचेचाळीस, शेहेचाळीस इंची येतात कारण लांब शाफ्ट म्हणजे लांब ड्राइव्ह असं पाटीवर लिहिता येतं. मी फेसवर पायाला मारायची पावडर येते ना स्प्रेची, ती फवारून दहा बॉल मारले. दहा ठसे दहा ठिकाणी, दोन तर पार हीलवर. मग शाफ्ट एक इंच कापून घेतला, डोकं एकदम हरवल्यासारखं वाटायला लागलं म्हणून आठ दहा ग्रॅम शिसं चिकटवलं, आणि परत पावडर मारून बघितलं तर सात ठसे बॉलच्या आकाराच्या एका पुंजक्यात. माझा सगळ्यात लांब ड्राइव्ह आता आधीपेक्षा थोडा कमीच जातो, खरं सांगतो. पण आधी तो दहातून एकदा जायचा, उरलेले नऊ कुठं जायचे ते विचारू नका.

तसंही नवीन ड्रायव्हरबद्दल दरवर्षी जे छापून येतं ते वाचताना एक आठवावं, की डोक्याचा आकार ४६० सीसीच्या वर नेता येत नाही आणि फेसनं बॉल किती उसळवायचा यावरही नियमानंच मर्यादा आहे, आणि कंपन्या बरीच वर्षं झाली त्या मर्यादेला टेकलेल्या आहेत. बरोबर मधे लागलेल्या बॉलला नवा ड्रायव्हर फार काही जास्त देऊ शकत नाही, फरक पडतो तो कडेला लागलेल्या बॉलला, आणि लॉफ्ट शाफ्ट आपल्याला बसतोय का याला. ९ अंशांचा ड्रायव्हर घेऊन मिरवणारे किती तरी बघितलेत ज्यांना ११-१२ अंशांनी वीस पावलं पुढे नेलं असतं, हळू स्विंगला बॉल हवेत राहायला लॉफ्ट लागतो, त्यात कमीपणा कसला. पान्यानं लॉफ्ट वाढवता येणारा ड्रायव्हर असेल तर एक ध्यानात ठेवा, लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, म्हणजे डावीकडे बघायला लागतो, स्लाइसवाल्याला (ज्याचा बॉल उजवीकडे वळतो) ते पथ्यावर पडतं आणि हुकवाल्याचं (ज्याचा डावीकडे वळतो) वाटोळं होतं. आणि तो पाना राउंड सुरू झाल्यावर पिशवीतच राहू द्या, चालू राउंडमध्ये सेटिंग बदलून त्या क्लबनं शॉट मारला तर स्पर्धेतून बाद. शाफ्टवरच्या आर, एस या अक्षरांना तर काही एकच एक मापच नाही, एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका कडक असू शकतो, त्यामुळे अक्षर बघून नाही, मारून बघून घ्यायचा.

मोठ्या खेळाडूंची नक्कल करू नये असं सगळे म्हणतात, मी म्हणतो करा, पण त्यांच्या क्लबची नको, त्यांच्या विचार करण्याची करा. फिल मिकेलसननं २००६ ची मास्टर्स जिंकली तेव्हा त्याच्या पिशवीत दोन ड्रायव्हर होते, एक बॉल एका बाजूला वळवायला आणि दुसरा दुसऱ्या. त्यानं कोर्स बघितला, आपला खेळ बघितला आणि १४ क्लब त्याप्रमाणे भरले. जीन साराझेननं तर स्वतः नायब्लिकच्या (जुन्या काळचा जास्त लॉफ्टचा आयर्न) तळाला शिसं चढवून वाळूत न रुतणारा क्लब बनवला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकला, आपला सँड वेज त्यातूनच आला. तळाच्या त्या फुगवट्याला आता बाउन्स म्हणतात आणि वेज घेताना लोक तो बघतही नाहीत, भुसभुशीत वाळू आणि खोल डिव्हॉट, म्हणजे गवताचं ढेकूळ, काढणारा स्विंग असेल तर १२-१४ अंश, कडक जमीन आणि बॉल निसटता उचलणारा असेल तर ६-८, एवढं साधं आहे.

पण मोजायला विसरू नका. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूझनम शेवटच्या दिवशी आघाडीवरच्या गटात होता, सरावाच्या वेळी दोन ड्रायव्हर तपासत होता आणि दुसरा पिशवीतच राहिला. पहिला होल पार तीनचा, म्हणजे तीन शॉटमध्ये संपवायचा, ड्रायव्हर लागतच नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यानं मस्त बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) केली आणि दुसऱ्या होलच्या सुरुवातीला कॅडीनं, म्हणजे पिशवी सांभाळणाऱ्यानं, सांगितलं की पिशवीत १५ क्लब आहेत. दोन शॉटचा दंड, बर्डीची बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त. आणि १४ ही वरची मर्यादा आहे, सक्ती नाही. मी ११ घेऊन फिरतो. तीन, चार नंबरचे आयर्न काढून एक हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी चालणारा, बॉल सहज उचलणारा क्लब) टाकला त्याला चार वर्षं झाली, त्यांची आठवणही येत नाही.

पटर, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा क्लब, त्याबद्दल थोडक्यात, नाहीतर तुम्ही पत्र कापाल. पार ७२ च्या कोर्सवर हिशोबानं ३६ शॉट पटचे धरलेले असतात, आणि लोक ड्रायव्हर चार वेळा बदलतील पण पटर आपल्या लांबीचा आहे का हे एकदाही बघत नाहीत. बॉलसमोर नेहमीसारखं उभं राहून डाव्या डोळ्याजवळून दुसरा एक बॉल सोडून बघा कुठं पडतो, खालच्या बॉलच्या खूप आत किंवा पलीकडे पडला तर लांबी नाहीतर लाय चुकलेली आहे.

मुलांना मोठ्यांचे क्लब कापून देतात त्यावरही कुणीतरी लिहायला हवं. कापलेला शाफ्ट अजून कडक होतो, डोकं मोठ्यांचंच जड राहतं, आणि आठ वर्षांचं पोर ते उचलायला अख्खं अंग मागे टाकतं. मग आपणच म्हणतो स्विंग कसा वेडावाकडा आहे.

तर तुमच्याकडे मागणं एवढंच. पुढच्या वेळी नव्या क्लब्जवर लिहाल तेव्हा खाली एक छोटा चौकोन टाका, प्रत्येक क्लबचा लॉफ्ट, लाय, लांबी, आणि डावखुऱ्यांसाठी मिळतो की नाही. चार ओळींचं काम आहे, एक फोटो बारीक करा हवं तर. आणि त्या लेखातला तो सात नंबरचा आयर्न नेमका किती अंशांचा आहे तेवढं लेखकाला विचारून कळवा, आमच्या चौघांत पैज लागलीय, मी ३० च्या आत म्हटलंय.

आपला,
एक जुना वाचक
(हँडिकॅप, म्हणजे पारवर मिळणारी शॉटची सूट, २२, पूर्वी २८)